तिसऱ्या संग्रहालयातली बाई

दादाचा उजवा डोळा कधीच कामातून गेला होता. डाव्याचं काय करायचं ते ठरवायला दोघं भावंडं त्या शहरात आली होती.

जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पोटात बघत बसलेला हा माणूस. "लोकांची वेळ सुधारता सुधारता माझीच भरत आली," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ती हसली की दिवसभर खुशीत असायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. म्हणून सोबतीला बहीण आली. ती त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, पण तीही आता सत्तरीला टेकलेली. दादा तिला पहिल्यापासून 'धाकटे' म्हणायचा. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की तिची नातवंडंसुद्धा तिला धाकटी आजी म्हणत.

विद्यापीठाच्या इस्पितळात डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली आणि परवा या म्हणून सांगितलं. आता मधला दिवस घालवायचा कसा? इतक्या लांब घरी जाऊन परत येण्यात अर्थ नव्हता. दोघं उतरली होती त्या घराची मालकीण बोलकी होती. तिने सुचवलं, "इथं संग्रहालयं बघा. मोठं नका बघू, तिथं पाय मोडतात नुसते. विद्यापीठाच्या एकेका खात्याची छोटी छोटी आहेत. एकाच तिकिटावर तीन बघता येतात."

"मला दिसतंय काय, आणि मी बघणार काय," दादा म्हणाला.

"घड्याळांचंही आहे," मालकीण म्हणाली. लगेच दादाने बूट शोधायला सुरुवात केली.

ते शहर विद्यापीठाच्याच अंगाखांद्यावर वाढलेलं. अरुंद फरसबंद गल्ल्या, पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या, आणि सायकलवरून घंटा वाजवत अंगावर येणारी पोरं. धाकटीने दादाचा दंड घट्ट धरला होता. दादाला समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. माणूस आहे की खांब एवढं कळायचं, पण माणूस कोण ते कळायचं नाही.

घड्याळांचं संग्रहालय एका जुन्या वेधशाळेच्या तळमजल्यावर होतं. कपाटंच्या कपाटं घड्याळांनी भरलेली, आणि सगळी बंद. दादा खट्टू झाला. बंद घड्याळं ठेवायची म्हणजे गवयाचं तोंड बांधून त्याला गादीवर बसवायचं, असं काहीतरी पुटपुटला. मग आतल्या दालनातून टिकटिक ऐकू आली तशी त्याची मान ताठ झाली. डोळे मिटून त्याने कान लावला.

"हे चालतं आहे. पण लंगडतंय. चाकाचा दात झिजलाय बघ, धाकटे. तेल तर वर्षानुवर्षं घातलेलं नाही."

दाराशी बसलेला रखवालदार म्हातारा होता. तो उठून जवळ आला. "आजोबा, ते घड्याळ नाही. बाहेरच्या देशातनं रेकॉर्ड करून आणलेली टिकटिक आहे, भिंतीतल्या स्पीकरवर लावतो. लोकांना बरं वाटतं."

दादाने क्षणभर तोंड वासलं आणि मग तो इतका हसला की धाकटीलाही हसू आवरेना. त्या सबंध मुक्कामात तो मोकळेपणी हसला तो तेवढाच.

दुसरं संग्रहालय पक्ष्यांच्या अंड्यांचं. खणांमागून खण, कापसावर ठेवलेली पोकळ अंडी, टोकाला सुईएवढं भोक. धाकटी पाट्या वाचून दाखवत होती आणि दादा जांभया देत होता. "उबवली नाहीत, खाल्ली नाहीत. नुसती ठेवली. अंडी वाया," एवढाच शेरा त्याने मारला.

तिसरं बघायला नको, असं धाकटीचं म्हणणं होतं. तिची पावलं दुखायला लागली होती. पण बाहेर थंडी होती, आणि तिसरं शेजारच्याच इमारतीत होतं. इस्पितळाचा जुना भाग, दुसरा मजला. 'वैद्यकीय मेणप्रतिमा' अशी पाटी. म्हणजे काय ते दोघांनाही कळलं नाही. आत ऊब असेल, बसायला बाक असेल, एवढ्याच विचाराने दोघं जिना चढली.

आत देखरेखीला चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या एक बाई होत्या. कोणीतरी आलं याचाच त्यांना आनंद झालेला दिसला. त्यांनी समजावून सांगितलं. रंगीत फोटो निघत नव्हते त्या काळापासून इथं कातडीचे रोग मेणात उतरवून ठेवायची पद्धत होती, शिकणाऱ्या डॉक्टरांना बघता यावेत म्हणून. रोग्याच्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर ओतायचं, श्वासाला नाकात दोन नळ्या. प्लास्टर सुकलं की त्या साच्यात मेण. मग कारागीर तासन्‌तास रोग्याला समोर बसवून रंग भरायचा. भुवया मात्र खऱ्या केसांच्या, एकेक केस सुईने रोवलेला. पुढे फोटो आले तरी एक हट्टी कारागीर होता, तो म्हातारा होईपर्यंत हे काम करत राहिला.

"तुम्हाला सोसवेल ना?" त्यांनी विचारलं. "काही माणसं अर्ध्यातून परत जातात."

"मला काहीच दिसत नाही, त्यामुळे मला सगळं सोसतं," असं म्हणून दादा दाराजवळच्या बाकावर बसला.

धाकटी एकटीच आत गेली. काळ्या फळ्यांवर बसवलेले चेहरे, भोवती पांढऱ्या कापडाची किनार, काचेमागे ओळीने. हात, पावलं, एका मुलाची पाठ. फोड, चट्टे, झडलेली नाकं. तिच्या अंगावर काटा आला, पण पाय मागे फिरेनात. खोट्यासारखं त्यात काहीच नव्हतं. झोपलेल्या माणसांच्या खोलीत न विचारता शिरावं तसं तिला वाटलं.

खिडकीजवळच्या कपाटापाशी ती थांबली. पाटीवर 'कातडीचा क्षय, बरा झालेला' एवढंच लिहिलेलं. बाईचा चेहरा, थोडा एका अंगाला वळलेला. गालावर आणि नाकाच्या बाजूला जुनाट, आक्रसलेला व्रण, भाजल्यासारखा. उरलेला अर्धा चेहरा शाबूत होता. आणि तो अर्धा चेहरा धाकटी रोज सकाळी केस विंचरताना बघत आली होती. तीच पुढे आलेली हनुवटी. तीच एका टोकाला वर उचललेली भुवई, जिच्यावरून शाळेतल्या मुली तिला चिडवायच्या. वीसेक वर्षांपूर्वी आरशात दिसायची ती हीच.

असं कोणाचंही तोंड कोणासारखं असतं, असं म्हणून ती पुढे सरकणार, तोच तिचं लक्ष डाव्या कानाकडे गेलं. कानाची पाळी खालून चिरलेली होती. दोन टोकं वेगवेगळी होऊन तशीच भरून आलेली.

धाकटी काचेच्या आणखी जवळ गेली. आईचा फोटो घरात नव्हता. धाकटी चार वर्षांची असताना आईला इस्पितळाची गाडी घेऊन गेली. आईच्या चेहऱ्याला काहीतरी झालंय, शेजारीपाजारी दारं लावून घेतात, एवढं दादाला आठवत होतं. तिला तेवढंही नाही. महिन्याभराने वडील एकटेच इस्पितळात जाऊन आले आणि म्हणाले, गेली ती. त्यानंतर त्यांनी घरात तिचं नाव काढू दिलं नाही. आईबद्दल धाकटीकडे होती ती एकच गोष्ट, आणि तीही दादाने चिडवताना सांगितलेली. 'तू तान्ही असताना आईचं कानातलं धरून असं ओढलंस, की पाळी फाटून दोन झाल्या. जन्मल्यापासून आडदांड आहेस.'

ती बाकाकडे परत गेली. दादाच्या शेजारी बसली.

"दादा, आईचा कोणता कान फाटला होता?"

"हे आता काय मध्येच?"

"सांग ना."

दादाने हाताने हवेत बाळ धरल्यासारखं केलं, बाळाचं डोकं कोणत्या खांद्यावर असेल ते आठवत. "डावा," तो म्हणाला.

"दादा, आत एक बाई आहे."

तिने सांगितलं ते त्याने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "जगात काय एकाच बाईचा कान फाटला? आणि आई घरात आजारी पडली, महिन्याभरात गेली. तिचा कोण पुतळा करत बसलंय."

"तू तिला बघितलं आहेस. मी नाही. तू ये आणि सांग."

"कशाने सांगू? काच आहे की भिंत आहे ते कळत नाही मला."

हे खरंच होतं. चेहरा ज्याला ठाऊक होता त्याला दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं तिला चेहरा ठाऊक नव्हता. धाकटी उठून देखरेखीच्या बाईंकडे गेली. आडपडदा न ठेवता म्हणाली, "ती खिडकीजवळची आमची आई असेल, असं मला वाटतं. माझ्या भावाला हात लावून बघू द्या."

बाईंनी आधी नाही म्हटलं. मेण जुनं आहे, बोटाच्या उष्णतेनेही रंग जातो, नियमात बसत नाही. बोलता बोलता त्यांनी धाकटीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं, आणि त्या बोलायच्या थांबल्या. खणातून किल्ली काढली. स्पिरिटच्या बोळ्याने दादाचे हात त्यांनी स्वतः पुसून दिले, लहान मुलाचे पुसावेत तसे. "अगदी हलक्या हाताने," एवढंच म्हणाल्या.

केसाएवढ्या स्प्रिंगा न वाकवता बसवणारी ती बोटं. ती कपाळावर टेकली. भुवईवरून गेली आणि थबकली. मिटलेल्या पापणीवरून, नाकावरून, व्रणाच्या खडबडीत कडेवरून सावकाश उतरली. हनुवटीला आली. दादाचा चेहरा घड्याळ उघडल्यावर व्हायचा तसा झाला होता, बाहेरचं जग बंद केलेला. मग बोटं पुन्हा कपाळाकडे गेली आणि आडव्या सुरकुत्यांवरून दोनदा फिरली. डोळ्याच्या कोपऱ्यापाशी, तिथल्या बारीक जाळ्यावरून.

"ही बाई किती वयाची?" त्याने विचारलं.

"पन्नाशीच्या आत-बाहेर असावी," बाई म्हणाल्या.

दादाने हात मागे घेतला. "मग नाही. आमची आई अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. तिच्या कपाळाला सुरकुती नव्हती."

"दादा, कान बघ," धाकटी म्हणाली.

"सांगितलं ना, नाही."

त्याने हात खिशात घातले. धाकटीने बाईंना विचारलं, या रोग्यांची नावं कुठे असतील. बाई म्हणाल्या, नावं कधीच ठेवली नाहीत, तसं रोग्यांना वचन दिलेलं असायचं. मग काचेला कुलूप घालता घालता त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. नदीपलीकडे या रोगाच्या बायकांची वसाहत होती. पुढे औषधं निघाली, बऱ्याच जणी बऱ्या झाल्या. पण चेहरे परत येत नाहीत. आणि न्यायला कोणी आलं नाही तर जाणार कुठे? त्या तिथेच राहिल्या, इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. अशा बऱ्या झालेल्या बायकांचे चेहरे शेवटी शेवटी त्या कारागिराने केले. रोग गेल्यावर मागे काय उरतं, ते दाखवायला.

दादा हे सगळं दाराकडे तोंड करून ऐकत होता.

दोघं खोलीवर परत आली. धाकटीने चहा करून दिला, तो निवून गेला. बाहेर अजून उजेड होता. खालच्या गल्लीत पोरं मोठमोठ्याने बोलत चालली होती. दादा खाटेवर बसला होता, तळहात मांडीवर उताणे ठेवून. कुठे टेकवायचे ते ठरत नसल्यासारखे.

"केस होते?" त्याने विचारलं.

धाकटीला कळायला क्षणभर वेळ लागला. "नाही. कपाळापर्यंतच आहे. भोवती पांढरं कापड."

"ओठ कसे होते?"

"मिटलेले. दुखतंय असे नव्हते. कंटाळल्यासारखे."

"कानाला मी हात लावला नाही," दादा म्हणाला. "लावला असता तर नाही म्हणता आलं नसतं."

"म्हणजे तीच होती."

"भुवईलाच कळलं होतं मला. मला निजवताना ती माझी बोटं धरून त्या भुवईवरून फिरवायची." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "पण मग सुरकुत्या लागल्या. धाकटे, ती म्हातारी झाली इथं. ती पन्नाशीची म्हणजे मी तिशी ओलांडलेली. तुझा संसार मांडलेला. त्या वर्षांत मी दर दोन-तीन महिन्यांनी या शहरात यायचो. स्प्रिंगा, काचा, पट्टे घ्यायला. नदीवरच्या पुलाच्या अलीकडेच तो बाजार होता."

"तुला कुठे ठाऊक होतं, दादा."

"मला नव्हतं. बाबांना होतं." त्याने तळहातांकडे बघितलं, दिसत नसताना. "निघताना दर वेळी ते मला दारापर्यंत सोडायला यायचे. सांगायचे, काम झालं की सरळ परत ये. पुलापलीकडे जाऊ नकोस, तिकडे भामटे असतात, माणसाला लुबाडतात. दर वेळी. मला वाटायचं, म्हाताऱ्याला काळजी आहे. लग्न झालेला बाप्या मी, तरी ऐकायचो. आणि ऐकल्याचं मनात बरं वाटायचं, की बघा, बापाच्या शब्दाबाहेर नाही आपण."

धाकटीला वडील आठवले. शेवटच्या दुखण्यात तिने त्यांची महिनोन्‌महिने सेवा केली होती. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. मुलांना रोग लागू नये म्हणून केलं असेल, तिचं लग्न अडू नये म्हणून केलं असेल. नंतर खोटं इतकं जुनं झालं असेल की खरं सांगायला माणसाला जागाच उरली नसेल. तिला त्यांच्यावर रागावता येईना, आणि त्यांना माफही करता येईना. ती उठली आणि निवलेला चहा ओतून आली.

"आपण मागू तिला," ती म्हणाली. "मी अर्ज करते. मुलगा करेल माझा. घरी नेऊ."

"जिवंत होती तेव्हा नेलं नाही. आता मेणाची नेऊन काय करायचं?" दादा म्हणाला. "ठेवायची कुठे? तुझ्या दिवाणखान्यात? नातवंडं भितील. पुन्हा दार लावून घेतील तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रियेने काही साधणार नाही. आहे ती नजर काही महिने टिकेल, मग जाईल. डॉक्टर तरुण होता आणि त्याला वाईट वाटत होतं. दादाने त्याचीच समजूत काढली. "अहो, यंत्र जुनं झालं की सुटे भाग मिळत नाहीत. चालायचंच." बाहेर आल्यावर मात्र तो धाकटीला म्हणाला, "पुलापलीकडे चल."

वसाहतीच्या जागी आता विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. धुलाईघराची बैठी, लांबलचक इमारत तेवढी उभी होती, तिच्यात सायकली ठेवलेल्या. दारावरच्या पहारेकऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्या बायकांना कुठे पुरत, असं धाकटीने विचारलं, तर त्याने मागच्या आवाराकडे हात केला. जुनं काहीतरी होतं तिकडे, आता मुलं चेंडू खेळतात, म्हणाला. दोघं कुंपणापाशी उभी राहिली. खेळ चालू होता. एकदा चेंडू कुंपणाला येऊन आपटला, आणि एका मुलाने लांबून हात वर करून माफी मागितली. धाकटीनेही हात वर केला. दादा विचारत होता, जमीन कशी आहे, उतार आहे का, झाडं आहेत का. झाड एकही नव्हतं. ती म्हणाली, आहेत दोन-चार. त्याने मान हलवली. खरं मानलं की नाही, देव जाणे.

संध्याकाळच्या गाडीत त्यांना समोरासमोर जागा मिळाली. शहर मागे पडलं, शेतं लागली. धाकटीने एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"दादा, ती तरुणपणी कशी दिसायची? तुला ठाऊक आहे तशी. सांग मला. आता तूच राहिलास."

दादाने डोळे मिटले. भिंग लावल्यावर करायचा तशी उजव्या हाताची बोटं त्याने एकमेकांना लावली. गाडी एका स्टेशनावर थांबून सुटलीसुद्धा.

"कालपर्यंत येत होती डोळ्यापुढे," तो म्हणाला. "आता येत नाही. आठवायला गेलो की बोटांना लागली ती म्हातारीच येते."

धाकटीने त्याचा हात हातात घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्याजवळ आधीही काही नव्हतं. आता त्याच्याजवळही नव्हतं.